पुढच्या सीटवरची देवी

एप्रिलमध्ये उत्तर थायलंडातल्या उत्तरादित गावात सूर्य उगवत नाही. डोंगरावर पेटवलेल्या पाल्याचा धूर आधी पिवळा होतो, मग पांढरा, आणि दिवस वर आला हे माणसांनी आपलं आपण समजून घ्यायचं. अशाच एका पिवळ्या सकाळी लुंग सवेंग, म्हणजे सवेंगकाका, आपली निळी गाडी घेऊन कालव्याकाठच्या एसीच्या गॅरेजात आला. चारही काचा खाली, सदरा पाठीला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर देवळात चुकून चप्पल घालून शिरलेल्या माणसाचा भाव.

गाडी त्याच्या मुलीच्या वयाची. मुलीला आता दोन पोरं होती, गाडीला नुसत्या गळत्या. पण सवेंगने दोघींवर सारखीच माया केली होती. गाडीवर किंचित जास्तच, कारण ती बँकॉकला निघून गेली नव्हती.

गॅरेजचा मालक तुई, ज्याला अख्खं गाव चांग तुई म्हणजे तुई मिस्त्री म्हणे, एका पिकअपच्या बॉनेटमधून वर आला. अंगाने अघळपघळ, आवाजाने त्याहून.

"लुंग! शेवटी आलात म्हणायचं."

"जरा गॅस भरून दे. लगेच जातो."

"मागच्या उन्हाळ्यात कुठे भरलात?"

"पुलापलीकडे."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"बाजारात. ते थिएटरच्या मागे आहे ना, तिथे."

"म्हणजे गाव पालथं घालून झाल्यावर माझा नंबर लागला. लुंग, फुटक्या माठात दरसाल पाणी ओतताय तुम्ही. माठ कुठे फुटलाय ते कुणी बघितलं?"

सवेंगने मान खाली घातली. तो रेल्वेत सिग्नलवर होता. उभा जन्म उंचावरच्या केबिनमध्ये एकट्याने काढलेला. माणसांशी बोलायचं म्हणजे त्याला हिरवा झेंडा दाखवावा की लाल, एवढंच सुचायचं.

"उद्या नानला निघायचंय," तो म्हणाला. "सोंगक्रानला. नव्या वर्षाचं सासूच्या हातावर पाणी घालायला."

"मग जा की काचा उघड्या टाकून. तीन डोंगर ओलांडले की आलं नान."

"बुआफान येणार नाही म्हणते." त्याने रुमालाने मान पुसली. "संध्याकाळपर्यंत गाडी गार झाली तर बसते म्हणाली. नाहीतर तिच्या मेव्हण्याच्या नव्या पिकअपमधून जाणार. मी एकट्याने मागून यायचं."

तुईने हातातला पाना खाली ठेवला. बायको मेव्हण्याच्या गाडीतून पुढे आणि नवरा मागून एकटा, हे चित्र घेऊन सासुरवाडीच्या अंगणात शिरायचं म्हणजे काय, ते कळायला मिस्त्री असावं लागत नाही.

आता खरं सांगायचं, तर भांडण नुसतं उकाड्याचं नव्हतं. सवेंगला ते अर्धवट माहीत होतं आणि उरलेलं अर्धं त्याने माहीत करून घेतलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एसीने मान टाकली तेव्हा बुआफान त्याच्या शेजारीच बसली होती. घामाने निथळत म्हणाली, "वितळले मी. असला डबा कशाला सांभाळतोस रे म्हाताऱ्या?" यावर सवेंगने काय करावं? त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका हं. हिला सवय नाही."

बोलला तो मे-यानांगशी. नावेत असते, ट्रकमध्ये असते, तशी त्याच्याही गाडीत पुढच्या बाजूला राहणारी ती रक्षणकर्ती देवी. तिला कुणी पाहिलेलं नाही, पण तिला विचारल्याशिवाय गाडीची किल्लीही कुणी फिरवत नाही. बुआफान पुढच्या थांब्यावर उतरली आणि बसने घरी आली. त्यानंतर ती त्या सीटवर बसली नाही.

तुईने बॉनेट उघडलं, पाइपांवर साबणाचा फेस लावला, वाकून पाहिलं, हुंगलं. मग शेजारच्या सीटसमोर गुडघे टेकून त्याने डोकं डॅशबोर्डखाली घातलं. आतून त्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा आला. "लुंग, बाहेरचं सगळं ठीक आहे. गळती आत आहे, कपाटात."

एसीची आतली थंड होणारी कॉइल ज्या पेटीत बसते, तिला इथले मिस्त्री कपाट म्हणतात. ते कपाट बाहेर काढायचं, तर ग्लोव्ह बॉक्सचा खण, त्याखालची फळी, अर्धा डॅशबोर्ड, सगळं उचकटायला हवं.

"उघडायचं?" सवेंगने डॅशबोर्डवर हात ठेवला. "म्हणजे... त्यांचं घर?"

"त्यांना सांगा तुम्ही. मी सांगून उपयोग नाही, माझी त्यांची ओळख नाही."

सवेंगने आरशावरचा हार उतरवला. कालच्या अष्टमीचा होता, मोगऱ्याचा, मधे रुईची फुलं, खाली चाफ्याची शेपटी. त्याने स्टिअरिंगसमोर हात जोडले आणि गाडीचं घर जरा वेळ उघडावं लागतंय, आवाज होईल, धूळ होईल, तोवर बाहेर यावं, असं अतिशय अदबीने सांगितलं. मग त्याने गॅरेजमधली एकुलती एक धड प्लास्टिकची खुर्ची पुसून पंख्यासमोर ठेवली. टेकायच्या दांडीवर हार अडकवला. कोपऱ्यावरच्या टपरीतून लाल सरबत आणलं, ग्लासात स्ट्रॉ घातली, आणि ग्लास खुर्चीशेजारच्या डब्यावर ठेवला.

तुईने हे सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावून वंदन केलं. या धंद्यात अशाला कुणी हसत नाही. उद्या तीच गाडी घाटात बंद पडली, तर देवीच्या नावाची शिवी मिस्त्रीला बसते.

काम सुरू झालं. धूर पांढरा झाला. कालव्यातलं पाणी हलेनासं झालं. पंखा मान फिरवत होता; खुर्चीवरून सवेंगकडे, सवेंगकडून खुर्चीकडे. हाराच्या पाकळ्या जरा हलत, जणू कुणी मांडी बदलत होतं.

आणि बरोबर जेवायच्या वेळेला छत्री मिटत बुआफान आली. हातात चिकट भाताची टोपली आणि भाजलेली कोंबडी, केळीच्या पानात. गोल, ठेंगणी बाई. चेहऱ्यावर उन्हाची लाली आणि रागाची स्वतःची वेगळी. तिने घाम पुसला, पंखा पाहिला, पंख्यासमोरची खुर्ची पाहिली आणि सरळ बसायला गेली.

"बसू नकोस!" सवेंग ओरडला.

आयुष्यात तो इतक्या मोठ्याने दोनदाच ओरडला असेल. पहिल्यांदा रुळावर म्हैस आली होती.

बुआफान अर्धवट वाकलेली तशीच थांबली. "का? पाय मोडलाय खुर्चीचा?"

"ती बसलीये."

"कोण?"

सवेंगने उघड्या डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "तिचं घर उघडलंय ना."

बुआफानने खुर्ची नीट पाहिली. हार पाहिला. लाल सरबत पाहिलं, त्यातली स्ट्रॉ पाहिली. मग नवऱ्याला पाहिलं, आणि ते सगळ्यात जास्त वेळ.

"पंखासुद्धा तिलाच?"

"फिरता आहे. आपल्याकडेही येतो."

"येतो खरा," ती म्हणाली. "पाहुण्यासारखा."

आणि एका जुन्या टायरवर जाऊन बसली. तुईने गाडीच्या आतूनच तिला पा म्हणजे काकू म्हणत हाक दिली, "पा, बरं झालं आलात! भूक लागली होती!" पण बुआफान केळीची पानं सोडत होती आणि ती कोंबडीची मान मोडल्यासारखी सोडत होती.

बघणाऱ्याने मनातल्या मनात मांडणी केली असती, तर ती अशी झाली असती. देवीच्या वाट्याला दर अष्टमी, पौर्णिमा, अमावास्येचा हार. रोज सकाळी किल्ली लावताना चार गोड शब्द. घाट उतरला की आभार. बायकोच्या वाट्याला "भात झाला का" आणि "चावी कुठे ठेवलीस". पण असं कुणी मांडून बसत नाही, बायको सोडली तर.

जेवण झालं आणि तुईने कपाट बाहेर ओढलं. दोन हातांनी, बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या सुइणीसारखं जपून. सिमेंटवर ठेवलं, झाकणाचे चाप काढले, झाकण उचललं.

"ओ लुंग," तो म्हणाला. "इकडे या. पा, तुम्हीही या."

कॉइलच्या बारीक पत्र्यांवर कडेपासून कडेपर्यंत एक तपकिरी गोधडी चिकटली होती. बोटभर जाड. तुईने स्क्रू ड्रायव्हरने तिचं टोक उचललं. ती एकसंध निघाली. पाकळ्या होत्या. वाळलेल्या, भिजलेल्या, पुन्हा वाळलेल्या, एकमेकींत विणल्या गेलेल्या पाकळ्या, मधूनमधून पांढरा दोरा. खाली पत्र्यावर हिरवट चट्टे, आणि एका चट्ट्यात सुईच्या टोकाएवढं तेलकट भोक.

"हे काय?" सवेंगने विचारलं, पण उत्तर त्याच्या तोंडावर आधीच आलं होतं.

"सुकलेले हार कुठे ठेवत होतात?"

"फळीवर. शेजारच्या सीटसमोर, खाली. देवीचे हार कचऱ्यात कसे टाकणार? म्हटलं, नदीकडे जाईन तेव्हा एकदम सोडीन पाण्यात."

"आणि नदीकडे?"

नदी गावातूनच जाते.

"त्या फळीच्या मागेच हवा आत ओढायचं तोंड आहे, लुंग. जुन्या गाडीत हवा गाळायचा फिल्टर नसतो. तुम्ही फळीवर फुलं ठेवायची, पंख्याने ती ओढून घ्यायची. कॉइल ओली, पाकळ्या चिकटल्या. ओल राहिली, पत्रा कुजला, भोक पडलं. इतकी वर्षं तुम्ही त्यांचा श्वास कोंडत आलात." आणि त्याला स्वतःलाच काय वाटलं कोण जाणे, त्याने पुढे हळूच जोडलं, "प्रेमानेच, पण."

त्याने गोधडीवर पाण्याची धार सोडली. आधी देवळामागच्या कुजक्या पाल्याचा वास आला. मग त्याखालून, कुठल्यातरी फार खोल खणातून, मोगरा आला. आज फुललेला नव्हे. कितीतरी पौर्णिमांचा, एकमेकांवर घडी घालून ठेवलेला. पिकअपवाला गिऱ्हाईक मोबाइल खाली ठेवून वर बघू लागला. कालव्यापलीकडे कुत्रा उठून बसला. त्या पांढऱ्या उकाड्यात गॅरेजचं पत्र्याचं छप्पर जणू जरा वर उचललं गेलं.

बुआफानने वाकून एक दोरा उचलला. बोटाभोवती गुंडाळला.

नवी कॉइल बसली. बाहेरचा, ओल शोषणारा ड्रायर बदलला, सांध्यांच्या रबरी रिंगा नव्या घातल्या. जुन्या गाडीला आता नवा गॅस लागतो, जुन्या रिंगा त्याला सोसत नाहीत. मग तुईने निळी आणि लाल नळी जोडून व्हॅक्यूमचा पंप सुरू केला.

"आता काही करायचं नाही. पाइपांतली सगळी हवा, सगळी ओल बाहेर ओढली जाईल. पूर्ण रिकामं झाल्याशिवाय नवं काही भरता येत नाही. घाई केली की पुन्हा माझ्याकडे."

पंप घुमू लागला. एकसुरी, खोल, दूरच्या विहारातल्या पठणासारखा. सवेंग खांबाला टेकला, आणि त्याचे डोळे कधी मिटले त्याला कळलं नाही.

तो गाडी चालवत होता. नानचा रस्ता होता, पण रस्त्यावर डांबर नव्हतं, मोगरा होता, आणि चाकं आवाज करत नव्हती. शेजारच्या सीटवर एक बाई बसली होती. तोंड खिडकीकडे. तिच्या केसांत धूर अडकला होता. त्याने विचारलं, गार वाटतं का? ती बोलली नाही. त्याने विचारलं, पाणी हवं का? ती बोलली नाही. गाडीतली हवा हळूहळू कमी होत होती; कुणीतरी ती एका नळीने ओढून घेत होतं, आणि हवेबरोबर आरसा गेला, हार गेला, छतावर भिक्खूंनी लावलेले पांढरे ठिपके गेले, फळी गेली. शेवटी दोन सीटा उरल्या आणि मधे डोंगर. त्याला एकदम कळलं, की या बाईशी तो वर्षानुवर्षं बोलत आलाय, पण हिने एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. आणि हे किती सोपं होतं, हेही त्याच वेळी कळलं. ती वळू लागली. तिचा गाल दिसला, उन्हाने लाल झालेला.

पंपाचा सूर बदलला आणि तो जागा झाला.

समोर पंख्याखाली, देवीच्या खुर्चीत, बुआफान झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हार तिच्या खांद्यावर घसरलेला. शेजारच्या डब्यावर लाल सरबताचा ग्लास रिकामा, तळाला बर्फाचं पाणी.

तुई गाडीखाली पालथा होता, नुसते पाय दिसत होते. विचारायला कुणी नव्हतं. माफी मागायची, हे नक्की; पण कुणाची? देवीची, की हिला उठवून हिची? तो हात जोडायला गेला, आणि ते हात तसेच राहिले. पंखा मान वळवून त्याच्याकडे आला, पुन्हा तिच्याकडे गेला. तो दूर गेला की तिच्या कपाळावर घाम यायचा. जवळ आला की सुकायचा.

सवेंग उठला. पंख्याच्या पाठीमागची खुंटी त्याने दाबली. पंख्याने मान फिरवायची थांबवली आणि सगळा वारा बुआफानवर स्थिर झाला.

मग तो देवीला, अगदी हळू म्हणाला, "तुम्ही जरा उभ्या राहा." आणि एवढं बोलून घामाघूम झाला.

थोड्या वेळाने तुईने दोघांना हाक मारली. "लुंग, तुम्ही स्टिअरिंगवर. इंजिन चालू करा आणि पाय जरा दाबून धरा, मी सोडा म्हणेपर्यंत. पा, तुम्ही शेजारी बसा. हा थर्मामीटर डॅशबोर्डच्या जाळीत धरायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा."

"मी?" बुआफान डोळे चोळत म्हणाली. "तूच बस ना."

"मी गॅस भरू की आकडे वाचू? मला दोनच हात आहेत, आणि त्या सीटवर मी मावत नाही."

बुआफान बसली. मुकाट्याने, दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर. सवेंगने किल्लीला हात लावला. सवयीने त्याचे ओठ हलू लागले, ते त्याने मिटून घेतले. इंजिन सुरू झालं. बॉनेट वर होतं, त्यामुळे समोर काही दिसत नव्हतं, निळा पत्रा नुसता थरथरत होता.

"तीस," बुआफान म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "एकोणतीस."

"पंख्याची मान कुणी थांबवली?" तिने जाळीकडे बघतच विचारलं.

"तुईने."

"तुई गाडीखाली होता." ती थांबली. "सव्वीस!"

"बरं, बरं!" बॉनेटमागून आवाज आला.

"बुआफान," सवेंग म्हणाला. त्याला पुढे काय बोलायचं ते येत नव्हतं. हिरवा नाही, लाल नाही. "गाडी घेतली तेव्हा तूच मला सांगितलं होतंस. पहिला हार तूच बांधलास. म्हणालीस, नीट बोल तिच्याशी, गोड बोल, बाईमाणूस आहे, सांभाळील तुला."

"सांगितलं होतं."

"मग? मी तेच केलं."

"तिच्याशी बोल म्हणाले होते, म्हाताऱ्या. तिच्याशीच बोल, असं नव्हते म्हणाले." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "बावीस. केबिनमधून उतरलास, वाटलं, आता घरी दोन शब्द येतील. तू तिथून उतरलास आणि इथे चढून बसलास."

सवेंगचा पाय पेडलवर हलला, इंजिन गुरगुरलं. "लुंग, सारखं धरा!" तुई ओरडला.

"ती उलट बोलत नाही," सवेंग म्हणाला.

"मी बोलते."

"हो ना." तो जरा हसला, घाबरत. "मला पुढचं वाक्य सुचत नाही मग."

बुआफानला यावर काहीतरी टोचून बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण जाळीतून आता खरा गारवा येऊ लागला होता, कोरा, नवा, कशाचाच वास नसलेला. तो तिच्या मनगटावर पसरला, मग कोपरापर्यंत आला. तिने बाहेरचा पाय आत घेतला.

"अठरा," ती म्हणाली. "न सुचलं तर गप्प बस. पण माझ्या बाजूला गप्प बस. मला कळतं तेवढं."

तिने दार ओढून घेतलं. बाहेरचा पांढरा उजेड काचेपलीकडे राहिला. आत दोघं, इंजिनची थरथर आणि हळूहळू उतरणारा आकडा, जो आता ती मोठ्याने वाचत नव्हती. तुईने दोनदा ओरडून विचारलं आणि मग स्वतःच येऊन काचेतून डोकावला. त्याने गेज पाहिलं, दोघांना पाहिलं, आणि नळ्या काढायची घाई केली नाही.

बुआफानने पिशवीतून फोन काढला. बहिणीला लावला.

"मी बोलतेय. पिकअपमध्ये माझी जागा धरू नका... नाही, पाय दुखत नाहीयेत... हो, याच डब्यातून. आम्ही दोघंच."

सवेंगने समोरच्या आरशाकडे पाहिलं. तो उघडाबोडका लोंबत होता. त्याची मान अपराध्यासारखी खाली गेली. बुआफानने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं. फोन कानाला तसाच धरून तिने एक मोठा श्वास सोडला.

"बरं, तिघं," ती बहिणीला म्हणाली. मग फोनवर हात ठेवून नवऱ्याला, "पण तिला मागे बसव."